कुठल्या कप्प्यात

युलालिया वेन्झेलची व्हॅन मी एकोणीस वर्षं चालवली.
बास वाजवायला लागलो ते नंतर. आधी ड्रायव्हर,
त्याच्याही आधी, एका रात्री, तिचं पंक्चर काढणारा.
दक्षिण टेक्सासात रस्ता सुतासारखा सरळ,
खड्डा म्हणाल तर झोपेचाच.
ती शेजारी बसून मला जागं ठेवायची,
गाऊन नाही, भांडून.

बाप चेक, अ‍ॅकॉर्डियन दुरुस्त करणारा.
भाता गळायला लागला की कान लावून बसायचा,
डॉक्टर छाती ऐकतो तसा.
आई नदीपलीकडची. कापसाच्या जिनमध्ये हिशेब लिहायची,
कॉरिदो ओठांवर आला की आकडे विसरायची,
मग रात्री उशिरापर्यंत बेरजा.
मागच्या बाजूला ओटिस प्रूडम नावाचा काळा सुतार,
बाटलीच्या गळ्यानं गिटारच्या तारा घासत
रविवारची अख्खी दुपार रडवणारा.
तिन्ही घरांना मिळून कुंपण एकच, तेही मोडकं.
पोरगी त्यातून जा-ये करायची.
"मी काही मिसळलं नाही रे," ती म्हणायची,
"वेगळं करायला मला कुणी शिकवलंच नाही."

पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा
सॅन अँटोनियोच्या ऑफिसात टाय लावलेला माणूस:
बाई, दुकानात हे ठेवायचं कुठल्या कप्प्यात?
पोल्का? कंट्री? ब्लूज? का स्पॅनिश?
ती म्हणाली, "दाराशी ठेवा.
दार उघडं राहायला काहीतरी लागतंच."
अकराशे प्रती काढल्या. सातशे परत आल्या.
त्या माझ्या गॅरेजात होत्या, पूर येईपर्यंत.

ह्यूस्टनच्या पेपरात एकानं लिहिलं,
एक ना धड, भाराभर चिंध्या.
तिनं कात्रण व्हॅनच्या काचेला चिकटवलं.
"चिंध्याच," म्हणाली, "आणि इंजिन पुसायला काय रेशीम घेतोस?"

वाइमान गावच्या हॉलमध्ये
तिनं पोल्काच्या ऐन मध्यावर लय मोडली,
ओटिसची ती संथ, जड चाल आणली.
जोड्या एकमेकांच्या पायांवर पडल्या.
कुणीतरी बाटली फेकली, माझ्या कपाळावर खूण आहे अजून.
एक म्हातारं जोडपं तेवढं थांबलं नाही.
त्यांनी काय पाऊल शोधलं देव जाणे,
गुडघे दुखत असतील म्हणून असेल,
पण ते फिरत राहिले, आणि ती त्यांच्यासाठीच वाजवत राहिली
दिवे घालवेपर्यंत.

हॉलंडमध्ये मात्र चार हजार लोक.
पोस्टरवर लिहिलं होतं, मातीच्या मुळांचं संगीत.
तिला हसू आवरेना.
"माझी मुळं? मेस्किटची आहेत,
पाण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीत घुसणारी."
त्या रात्री लोकांनी तिच्या आईचा कॉरिदो
अर्थ न कळता, शब्दन् शब्द, तिच्याबरोबर म्हटला.
हॉटेलात ती बूटही न काढता झोपली.
मी दिवा मालवला. एवढंच.
यापलीकडे लोक जे बोलतात ते खोटं,
मला वाईट वाटावं इतकं खोटं.

मग बोटं आखडली.
आधी करंगळी, मग शेजारची.
उरलेल्या आठ बोटांत बसतील अशी गाणी ती लिहू लागली,
मग सहांत, मग नुसतीच गुणगुणायला लागली,
पेट्रोलच्या पावत्यांमागे लिहिलेलं काहीतरी.

गेल्या मार्चमध्ये गेलो होतो.
बापाच्याच शेडमध्ये बसते आता.
शाळेतल्या पोरांची अ‍ॅकॉर्डियनं येतात,
ती कान लावते, भेग सापडली की खडूनं खूण करते,
चिकटवायचं काम भाचा करतो.
मी बसलो तर तिनं फळीवरून वही काढली.
"लारेडो, सत्त्याऐंशी साल, तुझे चाळीस डॉलर.
बोमॉन्टचे पंचवीस. तू मागितले नाहीस."
अशी पानंच्या पानं.
गाणं थांबलं तसे सगळे आकडे
परत आले होते तिला.

पाकीट पुढं केलं. हात थरथरत होता,
तिचा का माझा, लक्षात नाही.
मी म्हटलं, काय करू याचं?
बाहेर उभ्या माझ्या गाडीकडे तिनं पाहिलं
आणि म्हणाली, "मागचा टायर बदल.
इथपर्यंत ऐकू आला मला."